गिटार सोडून यंत्रांकडे वळलेला वादक: बोटं संपली म्हणून की कान बदलले म्हणून?

आडवी_तार:
'रॉक गिटारवादक इलेक्ट्रॉनिककडे वळला की समजावं, त्याची बोटं संपली. पुढचं काम यंत्र करतं.' काल एकाने हे लिहिलं आणि खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मानुएल ग्यॉट्शिंग घ्या, अॅश रा टेंपल या जर्मन रॉक बॅंडचा गिटारवादक. 1975 मध्ये त्याने नुसती इलेक्ट्रिक गिटार आणि इको (स्वर पुन्हा पुन्हा उमटवणारं उपकरण) वापरून एक आल्बम केला. डोळे मिटून ऐका, सीक्वेन्सर, म्हणजे ठरवून दिलेले स्वर आपोआप वाजवणारं यंत्र, चालू आहे असंच वाटेल. म्हणजे ती घडण यंत्रं येण्याआधीच त्याच्या बोटांत होती. मग डिसेंबर 1981 मध्ये घरच्या स्टुडिओत, एका बैठकीत, यंत्रांच्या ठेक्यावर केलेलं जवळजवळ तासाभराचं 'ई2-ई4'. अर्धी वाट सरल्यावर त्यात गिटार येते. नाव बुद्धिबळातल्या चालीचं, पण गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर ई2 आणि सर्वांत बारीक तारेचा ई4, हेही विसरू नका. याला बोटं संपणं म्हणायचं?

फीडबॅक७०:
एक ग्यॉट्शिंग दाखवून सगळ्यांची वकिली करू नका. मी गिटारवादक स्टीव्ह हिलेजचा भक्त. 'फिश रायझिंग' या आल्बममध्ये तो तार ओढून स्वर वर नेतो, तेव्हा त्या वाटेतच सगळं घडतं. सिस्टम 7 या त्याच्या नंतरच्या इलेक्ट्रॉनिक गटात तीच गिटार ठेक्याच्या वर तरंगते, ठेक्याशी भांडत नाही. मला ते भांडण हवं होतं. हे वळणं म्हणजे पळवाट.

आडवी_तार:
हिलेजने 1979 मध्येच 'रेनबो डोम म्यूझिक' हा इलेक्ट्रॉनिक आल्बम केला होता. दहा वर्षांनी लंडनच्या हेवन क्लबात डीजे अॅलेक्स पॅटरसन तेच वाजवत होता. नवी मंडळी त्याच्याच जुन्या कामापाशी येऊन पोचली होती. तो कुणाच्या मागे धावत गेला नाही.

निळा_नॉब:
यंत्रांना शिव्या देणाऱ्यांसाठी: रोलॅंड कंपनीचा टीबी-303 हा बेस वाजवणारा छोटा सिंथेसायझर मुळात एकट्याने रियाज करणाऱ्या गिटारवाल्यासाठी काढला होता, मागे बेस वाजवायला कुणी नसेल तर. त्या कामासाठी तो कुणाला आवडला नाही, 1984 पर्यंत बंदही झाला. पण 1982 मध्ये चरणजित सिंग यांनी तो वापरून राग वाजवले. ते हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवायचे. त्याच यंत्राच्या आवाजावर उभं राहिलेलं शिकागोचं अॅसिड हाउस हे नृत्यसंगीत त्यानंतरचं.

डावा_पाय:
सगळे गिटारवाल्याच्या आत्म्याची चिंता करताय. ड्रमरचं काय झालं, हे कुणी विचारलं का?

आठ वर्षं एका बॅंडमध्ये होतो. गिटारवाल्याने ड्रम मशीन आणलं. म्हणाला, 'फक्त डेमोपुरतं.' मग तालमी पंधरवड्यावर गेल्या, मग महिन्यावर. एक दिवस पोस्टर पाहिलं: बॅंडचं नाव तेच, फोटोत माणसं दोन. मला फोनसुद्धा नाही. तुम्ही ज्याला 'नवी वाट' म्हणता, त्या वाटेवर आम्हाला उतरवून दिलेलं असतं.

निळा_नॉब:
वाईट झालं. पण मशीन वेळेवर येतं आणि लय सोडत नाही, हेही खरं.

डावा_पाय:
मी कधी लय सोडली, हे तुम्ही कुठे बसून ऐकलंत? न पाहिलेल्या माणसाबद्दल असं बोलवतं तरी कसं?

आडवी_तार:
भांडू नका. आणि ड्रमर तेवढे बिचारे, असंही नाही. क्लाउस शुल्झे टॅंजरीन ड्रीम या जर्मन बॅंडच्या पहिल्या आल्बमवर ड्रम वाजवत होता, नंतर ग्यॉट्शिंगबरोबर. 1972 पासून स्वतःच्या नावाने इलेक्ट्रॉनिक आल्बम काढू लागला. त्याला कुणी हाकललं नव्हतं.

डावा_पाय:
तेच सांगतोय. शुल्झेने ठरवलं. माझ्या बाबतीत दुसऱ्याने ठरवलं.

उजवं_मनगट:
मी तो दुसरा गिटारवाला. यांच्या बॅंडचा नव्हे, पण तसाच. मनगटाचा स्नायुबंध सुजला, डॉक्टरांनी सहा महिने गिटार बंद केली. त्या काळात एक जुना सिंथ मांडीवर घेऊन बसायचो. एका बोटाने फिल्टर (आवाज मंद-उजळ करणारी खुंटी) उघडायचा आणि स्वर बदलताना ऐकायचा. तार ओढताना जे मिळायचं, त्याच्या जवळपासचं काहीतरी तिथे सापडलं. हात बरा झाला, तरी परत गेलो नाही. मूळ पोस्टवाल्यांना सांगतो: हो, माझी बोटं थकली होती. कान थकले नव्हते. आणि डावा_पाय, आमच्या ड्रमरला मीही नीट सांगितलं नव्हतं. दुखण्याचा आडोसा घेतला.

फीडबॅक७०:
फिल्टर म्हणजे बेंड (तार ओढणं) नव्हे, यावर मी ठाम आहे. पण तुमचं वाचून 'पळवाट' हा शब्द मी मागे घेतो. तेवढाच.

डावा_पाय:
काल रात्री 'ई2-ई4' पूर्ण ऐकलं. चांगलं आहे, नाही म्हणवत नाही. पण गिटार येते ना, तिथे कुणी माणूस ड्रमवर असता तर तो क्षणभर मागे सरला असता, तिला जागा द्यायला. माझ्या कानाला तिथे कुणी सरकलेलं ऐकू आलं नाही.

आडवी_तार:
इतक्या वर्षांत मी तिथे फक्त गिटारच ऐकली. आज ती जागा पुन्हा लावतो, खालच्या ठेक्याकडे कान देऊन.