मदत हवी आहे: विद्यार्थ्यांचे व्हिडिओ प्रोजेक्ट ऑनलाइन जमा करून घ्यायची खात्रीची पद्धत कुठली?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एका कॉलेजात पत्रकारिता शिकवते, तासिका तत्त्वावर. सेमिस्टरच्या शेवटी प्रत्येकाने एक मल्टिमीडिया प्रोजेक्ट द्यायचा असतो. पाच मिनिटांची व्हिडिओ स्टोरी, कॅप्शनसकट फोटो फीचर आणि त्याच विषयावरची लेखी बातमी, काहीजण व्हिडिओऐवजी पॉडकास्ट करतात. वर्गात चाळीसच्या आसपास पोरं आहेत. हे सगळं ऑनलाइन घ्यायचं, मी तपासायचं, मग बाहेरचे परीक्षक बघणार, आणि पुढे नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलसाठी जपूनही ठेवायचं. पोरं कामं झकास करतायत हो, अडतंय ते जमा करून घेताना.

सध्या जो तो आपापल्या सोयीने पाठवतोय. कुणी व्हॉट्सअॅपवर, कुणी मेलवर, कुणी ड्राइव्हची लिंक, कुणी काइनमास्टर या एडिटिंग अॅपची प्रोजेक्ट फाइलच पाठवतंय, जी माझ्याकडे उघडायचा प्रश्नच नाही. ड्राइव्हच्या लिंका उघडल्या की निम्म्या ठिकाणी 'रिक्वेस्ट अॅक्सेस' येतं, रिक्वेस्ट टाकली की ती त्या पोराच्या मेलवर जाऊन पडते आणि मेल तर ही पोरं उघडतच नाहीत. कॉलेजच्या पोर्टलवर अपलोडची सोय आहे पण तिथे व्हिडिओ टाकला की फाइल मोठी आहे म्हणून परत येतो. मेलला तर २५ एमबीचीच मर्यादा.

व्हॉट्सअॅपचं एक उदाहरण देते म्हणजे मला काय सलतंय ते कळेल. एका पोराने त्याच्या गावच्या गुऱ्हाळघरावर स्टोरी केली, पहाटेची. काहिलीतून वाफ उठतेय, गुळव्या वाकून पाक बघतोय, चुलाणात चिपाडं टाकणाऱ्याच्या तोंडावर जाळाचा उजेड, आणि वाफ हलली की मध्येच त्या गुळव्याचे डोळे दिसतात. वर्गात त्याने फोनवर दाखवलं तेव्हा सगळी गप्प बसून बघत होती. तोच व्हिडिओ माझ्याकडे व्हॉट्सअॅपवर आला तर वाफेच्या जागी नुसते राखाडी चौकोन आणि गुळव्याचं तोंड पुसल्यासारखं. आता परीक्षकांनी हा बघितला तर कॅमेरावर्कचे मार्क कशाचे देणार? त्या पोराने थंडीत पहाटे उठून जे टिपलं ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही.

दुसरी गोष्ट नेटची. माझ्या वर्गात राजारामपुरी-शाहूपुरीतली पोरं आहेत तशी गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडचीही आहेत. शहरातल्याचा व्हिडिओ चहा पिऊन होईपर्यंत चढतो, आणि वरच्या वाडीतली मुलगी फोन घेऊन रेंज शोधत माळावर जाते, तरी शेवटच्या रात्री ते वर्तुळ फिरतच राहतं. तिला लेट म्हणून मार्क कापायचे का? नियम सगळ्यांना सारखा असं ऑफिसात सांगतात, पण मला ते पटत नाही. मार्क कामाला द्यायचेत, टॉवरला नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात नाजूक आहे. एका मुलीने ऊसतोड कामगारांवर स्टोरी केलीय. मराठवाड्यातून आलेलं एक जोडपं, फडातच पालात राहणारं. त्या बाई उचल किती घेतली, किती फिटली, मुकादम हिशोब कसा सांगतो हे कॅमेऱ्यासमोर बोलल्यात, चेहरा स्पष्ट दिसतोय. स्टोरी फार चांगली आहे. पण ही यूट्यूबवर टाकून लिंक दे असं मी कशी सांगू? ती लिंक मुकादमाच्या मोबाइलवर गेली तर त्या बाईला पुढच्या हंगामात काय भोगावं लागेल? 'कॉलेजचा प्रोजेक्ट आहे' एवढं ऐकून त्या बोलल्या होत्या.

तर मला अशी पद्धत हवीय की क्वालिटी जाणार नाही, फोनवरून जमेल, खर्च होणार नाही, वेळेची नोंद राहील, आणि जे लपवायला पाहिजे ते लपलेलं राहील. माझं स्वतःचं जीमेल भरत आलंय हेही सांगून ठेवते. शिकवणारे, व्हिडिओवाले, कॉम्प्युटरवाले, सगळ्यांनी सांगा.

प्रतिसाद १
मॅडम, गूगल फॉर्म करा की. त्यात फाइल अपलोडचा प्रश्न टाकता येतो, पोरांनी जीमेलने लॉगिन करून फाइल टाकायची, ती थेट तुमच्या ड्राइव्हमधल्या फोल्डरमध्ये येते, त्यामुळे अॅक्सेसची भानगडच राहत नाही. वेळ आपोआप शीटमध्ये पडते आणि फाइलच्या नावापुढे पाठवणाऱ्याचं नावपण लागतं.

प्रतिसाद २
फॉर्म चांगलाच आहे पण दोन ठिकाणी माणूस फसतो तिथं. एक म्हणजे अख्ख्या फॉर्मला मिळून सुरुवातीला १ जीबीचीच मर्यादा असते, ती सेटिंगमध्ये जाऊन वाढवावी लागते, नाहीतर पहिल्या तीन-चार पोरांनंतर फॉर्म बंद पडणार आणि बाकीची तुम्हाला फोन करत बसणार. दुसरं म्हणजे जागा फॉर्म करणाऱ्याची खातो. फुकटच्या खात्याला १५ जीबी, त्यातच जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं. हिशोब बघा, १०८० पी व्हिडिओ ८ एमबीपीएसने (सेकंदाला ८ मेगाबिट) एक्सपोर्ट केला तर सेकंदाला १ एमबी, म्हणजे पाच मिनिटांचा ३०० एमबी, चाळीस पोरांचे १२ जीबी. फोटो अजून धरलेलेच नाहीत. आणि खातं पूर्ण भरलं की मेल यायचेही बंद होतात, ऐन परीक्षेच्या दिवसांत ते परवडायचं नाही. म्हणून या कामाला वेगळं खातं काढा, नाहीतर ७२० पी आणि ५ एमबीपीएस एवढंच मागा, साडेसात जीबीत बसेल. मोबाइलवर शूट केलेल्या स्टोरीला ७२० पी बास होतं, फक्त तुमच्या त्या वाफेवाल्या पोराला १०८० ची सूट द्या. धूर, वाफ, वाहतं पाणी यात प्रत्येक फ्रेमला सगळंच बदलत असतं, त्यामुळे कॉम्प्रेशनमध्ये पहिला बळी त्याचाच जातो.

आणि कॉलेजचं स्वतःचं डोमेन असेल तर ऑफिसात विचारा, गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन, म्हणजे संस्थेच्या नावाची गूगल खाती, घेतलंय का म्हणून. पात्र शिक्षणसंस्थेला ते फुकट असतं आणि अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी जागा मिळते. बऱ्याच कॉलेजांनी लॉकडाऊनमध्ये घेतलं होतं, नंतर कुणी बघितलंच नाही. ते असेल तर गूगल क्लासरूमवर असाइनमेंट लावा. टर्न इन, म्हणजे जमा, केल्यावर अनसबमिट केल्याशिवाय पोराला काही बदलता येत नाही आणि उशीर झाला तर तसं दिसतं. साध्या ड्राइव्ह लिंकमध्ये तारीख गेल्यावरही मॅनेज व्हर्जन्समधून आतली फाइल बदलता येते, लिंक तीच राहते, हे लक्षात असू द्या.

प्रतिसाद ३
कॉलेजच्या पोर्टलबद्दल बोलतो. मूडल (बरीच कॉलेजं वापरतात ते ऑनलाइन वर्गाचं सॉफ्टवेअर) असेल तर ती मर्यादा नुसती मूडलची नसते, सर्व्हरवरच्या पीएचपीच्या (ज्या भाषेत मूडल लिहिलंय तिच्या) सेटिंगचीही असते. मुळात अपलोडला २ एमबी आणि पोस्टला ८ एमबी एवढंच असतं, कुणी वाढवलं नाही तर तसंच राहतं. जो कोण सर्व्हर सांभाळतो त्याला 'अपलोड मॅक्स फाइलसाइझ' आणि 'पोस्ट मॅक्स साइझ' हे दोन शब्द सांगा, त्याला कळेल. पण चाळीस जणांचे व्हिडिओ एका रात्रीत तिथं चढवायच्या फंदात पडू नका, तिथं फक्त लेखी बातमी आणि लिंक घ्या.

प्रतिसाद ४
मी मागच्या वर्षी असाच कोर्स करून बाहेर पडलो, गाव गगनबावड्याकडं. मॅडमनी नेटबद्दल लिहिलं ते वाचून बरं वाटलं, खरंच कुणी विचारत नाही हे. एक सांगतो, ड्राइव्ह अॅपच्या सेटिंगमध्ये 'फक्त वायफायवर फाइल पाठवा' असं एक बटण असतंय, ते चालू असलं की मोबाइल डेटावर अपलोड हलतच नाही, 'वेटिंग फॉर वायफाय' म्हणून बसून राहतंय आणि आपल्याला वाटतंय रेंज नाही. आमच्या वर्गातली निम्मी पोरं तिथंच अडकलेली. ते पोरांना आधी बघायला सांगा.

आणि व्हॉट्सअॅपनेच पाठवायचं झालं तर गॅलरीतून नाही, डॉक्युमेंट म्हणून जोडायचं. २ जीबीपर्यंत जातंय आणि क्वालिटी हाय तशी राहते.

प्रतिसाद ५
वरच्या भावाने डॉक्युमेंटचं बरोबर सांगितलं, फोटोंनाही तेच लागू आहे. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की त्याच्या आतली कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्याने काढला ही माहिती निघून जाते. फोटो पोराचा स्वतःचा आहे की कुठून उचललाय हे बघायला तीच माहिती लागते, त्यामुळे मूळ फाइलच मागा.

मी इथल्या एका न्यूज पोर्टलला व्हिडिओ बघतो. ऊसतोडवाल्या बाईंबद्दल पोटतिडकीने सांगतो, यूट्यूब अनलिस्टेड अजिबात नको. अनलिस्टेड म्हणजे फक्त सर्चमध्ये दिसत नाही, लिंक ज्याच्या हातात तो बघणार आणि पुढे ढकलणार. ड्राइव्हवर 'रिस्ट्रिक्टेड' ठेवून फक्त तुमचा आणि परीक्षकांचा मेल टाका, बघणाऱ्याला डाउनलोड करता येण्याची टिकही काढा. पण समोरचा स्क्रीन रेकॉर्ड करू शकतो, म्हणून खरी काळजी एडिटिंगमध्ये घ्यायची. चेहरा ब्लर, आवाज बदललेला, गावाचं नाव आणि कारखान्याचं नाव काढलेलं, मागे ट्रॅक्टरचा नंबर दिसत असेल तर तोही झाकलेला. कच्चं फुटेज ऑनलाइन कुठेही चढवायचं नाही, ते त्या मुलीच्या कार्डमध्ये राहू दे आणि निकालानंतर पुसू दे. आणि त्या बाईंना परत जाऊन विचारायला सांगा, कोण-कोण बघणार ते सांगून. त्या नको म्हणाल्या तर ती मुलाखत काढायची, स्टोरी तेवढी पांगळी झाली तरी चालेल. विद्यार्थिनीला पुढे बातमीदारी करायची असेल तर हे तिला आत्ताच कळलेलं बरं.

अजून एक, पोरं बॅकग्राउंडला सिनेमाची गाणी टाकतात. यूट्यूबवर चढवलं की कॉपीराइट क्लेम येतो, कधी व्हिडिओच ब्लॉक होतो. यूट्यूबची स्वतःची ऑडिओ लायब्ररी आहे, त्यातलं घ्या. नाहीतर गुऱ्हाळाचाच आवाज ठेवा, घाण्याच्या आवाजापुढे कुठलं संगीत लागतंय?

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. ऑफिसात विचारलं, कॉलेजचं डोमेन आहे पण वर्कस्पेसचा पासवर्ड कुणाकडे आहे ते शोधतायत. ते होईपर्यंत वेगळं खातं काढून फॉर्म करते, मर्यादा वाढवून. वायफायच्या बटणाचं ग्रुपवर टाकलं आणि दोन पोरांचे लगेच मेसेज आले, 'मॅडम गेलं!'

नेट नसलेल्यांसाठी असं ठरवलंय, तारखेच्या आत फॉर्ममध्ये लेखी बातमी, व्हिडिओची लांबी आणि फाइलचा साइज एवढं भरायचं, त्याला रेंज लागत नाही फारशी. मग आठवड्याभरात कॉलेजला येताना मूळ फाइल पेन ड्राइव्हवर द्यायची. साइज आणि लांबी जुळली तर वेळेत दिलं असं धरायचं. विभागप्रमुखांना सांगितलं, ते तोंडी हो म्हणालेत, लेखी घेते.

ऊसतोडवाल्या मुलीशी बोलले. ती रविवारी फडावर जाऊन परत विचारणार आहे, मी सोबत जाणार. तोपर्यंत तिची फाइल कुणालाच पाठवू नको म्हणून सांगितलंय.

आता फक्त दोन गोष्टी राहिल्यात. काही पोरांच्या फोनमधले व्हिडिओ आमच्या लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर नुसता आवाज देतात, चित्र काळं. याला काय करायचं? आणि मुलाखत देणाऱ्याकडून संमती घ्यायचा साध्या मराठीतला नमुना कुणाकडे आहे का, वाचून दाखवता येईल असा?

प्रतिसाद २
चित्र काळं म्हणजे बहुतेक फोनने एचइव्हीसी या नव्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड केलंय, जुन्या मशीनला ते कळत नाही. लॅबमध्ये व्हीएलसी प्लेअर टाका, बहुतेक त्यात चालेल. परीक्षकांना देताना मात्र हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घेऊन 'फास्ट १०८० पी ३०' हा प्रीसेट लावून एमपी४ करून ठेवा, कुठेही उघडेल. पुढच्या बॅचला शूटच्या आधीच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच २६४, म्हणजे जुना सगळीकडे चालणारा फॉरमॅट, करायला सांगा.

प्रतिसाद ५
नमुना आमच्याकडे आहे पण वकिली भाषेतला आहे, त्या बाईंपुढे तो वाचून उपयोग नाही. मी आज बसून चार-पाच ओळींत करतो. मी कोण, कशासाठी शूट करतोय, कोण बघणार, कुठं ठेवणार, आणि नंतर नको वाटलं तर कुणाला फोन करायचा. सही येत नसेल तर हेच कॅमेऱ्यावर बोलून त्यांचं हो रेकॉर्ड करून घ्यायचं, तेही वेगळ्या फाइलमध्ये. रविवारच्या आत इथे टाकतो.