पहिला गेमिंग पीसी, बजेट ७० हजार: ग्राफिक कार्ड आत्ताच घ्यावं की दिवाळीनंतर?

कोपरखैरणेकरीण:

धाकट्या भावाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. घरात आजवर कम्प्युटर नव्हता. माझा ऑफिसचा लॅपटॉप आहे, पण त्याला हात लावायची मुभा कुणालाच नाही. आईची भिशी लागली त्यातले ४५ आणि माझे २५, असे ७० हजार ठरलेत. त्यातच मॉनिटर, कीबोर्ड, माऊस सगळं बसवायचं. (लॅपटॉप घ्या असं सांगू नका, प्लीज. ते भांडण घरात होऊन गेलंय आणि आई त्याच्या बाजूने आहे.)

खेळायचंय ते असं: व्हॅलोरंट रोज, मित्रांबरोबर. जीटीए ५ अधूनमधून. आणि ज्याच्यासाठी जीव टाकतोय ते रेड डेड रिडेम्प्शन २. मॉनिटर २४ इंची, १०८०पी पुरे. फोर-केची हौस नाही.

आधी जवळच्याच एका दुकानात गेले होते. ‘आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक, फक्त ३० हजार.’ रंगीत दिव्यांचा कॅबिनेट बघून भाऊ तिथेच विरघळला. मॉडेल नंबर लिहून द्या म्हटल्यावर कळलं की आय७ चौथ्या पिढीचा आणि ग्राफिक म्हणजे जीटी ७३०, २०१४ सालचं कार्ड. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. शिवाय विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (बोर्डातल्या सुरक्षेच्या सोयी) नसेल तर व्हॅलोरंट चालतच नाही. ‘ताई, सगळे हेच नेतात,’ म्हणाले. नेत असतील.

मग रात्री बसून वाचलं आणि दोन पर्यायांवर अडकले. एक, रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घ्यायचा. त्यात ग्राफिक आतच असतं, म्हणजे कार्ड आत्ता नको, दिवाळीचा बोनस आला की घेऊ. उरलेल्या पैशांत १ टीबी एसएसडी (गेम, फायली साठवायला) आणि १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर येतो. दोन, साधा रायझन ५ ५६०० आणि आरएक्स ६६०० हे ८ जीबीचं कार्ड आत्ताच. पण मग एसएसडी ५०० जीबी, मॉनिटर १०० हर्ट्झ आणि रॅम ८ ची एकच पट्टी, कारण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत. डेटा सेंटरवाले मेमरी उचलतायत म्हणे, आणि भुर्दंड कोपरखैरण्याला!

मला पहिला पर्याय बरा वाटतो, भावाला अर्थातच दुसरा. घर वन रूम किचन, एसी नाही, तेव्हा गरम होण्याबद्दलही सांगा.

खोपटकर:

ताई, भावाचं ऐका. फक्त रॅमच्या बाबतीत ऐकू नका.

५६००जीच्या ग्राफिकला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधलीच वापरतं. म्हणून तिथे रॅमच्या दोन पट्ट्या हव्यातच, एकीवर ते फार मंदावतं. दोन लावल्यात तर व्हॅलोरंट मस्त चालेल, जीटीए ५ सेटिंग उतरवून चालेल. रेड डेड मात्र १०८०पीवर रडत चालणार. बरं, दिवाळीत कार्ड लावलंत तरी प्रोसेसर तोच राहतो. ५६००जीची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी, ५६०० ची ३२, आणि गेममध्ये हा फरक दिसतो. शिवाय कार्ड ज्या वाटेने प्रोसेसरशी बोलतं, त्या पीसीआयईच्या जुन्या ३.० पर्यंतच ५६००जी जातो आणि ६६०० त्या वाटेच्या आठच लेन वापरतं, म्हणजे तिथेही थोडं नुकसान. आणि खरं सांगू का, दिवाळीचा बोनस आला की नेमका फ्रिज बिघडतो.

तर ५६०० आणि ६६००. रॅम ८ च्या दोन पट्ट्या, डीडीआर४ ३२००, आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी हे रॅमच्या पूर्ण वेगाचं सेटिंग चालू करायचं, नाहीतर ती कमी वेगानेच चालत राहते. पैसे दिव्यांतून आणि कूलरमधून काढा. बंद डब्यातल्या ५६०० बरोबर पंखा येतो, वेगळा लागत नाही. ५०० जीबीत रेड डेडच १५० मागतं, पण तिन्ही गेम बसतील. दोन एम.२ स्लॉटचा (एसएसडीच्या दोन खाचांचा) बी५५० बोर्ड बघा, पुढेमागे दुसरी एसएसडी टाकता येईल.

नेरूळची माऊ:

खोपटकरांशी सहमत. माझी भर पॉवर सप्लायची. कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ मिळणारा ४५० वॉटचा घेऊ नका, त्यावर लिहिलेले वॉट त्याला झेपतातच असं नाही. कार्ड १३२ वॉटचं, प्रोसेसर ६५ चा, तेव्हा चांगल्या कंपनीचा ५५० वॉट ब्रॉन्झ (हा कार्यक्षमतेचा दर्जा) भरपूर झाला. यात काटकसर केलीत आणि तो जळला, तर बाकीचंही बरोबर नेऊ शकतो.

एसी नसेल तर पुढून जाळी असलेला कॅबिनेट घ्या, काचेचा नको. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. यूपीएस ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॉटचा. लाइट गेल्यावर पीसी नीट बंद करण्यापुरता, मॅच संपवण्यापुरता नव्हे, हे भावाला आधीच सांगून ठेवा.

लोकलवाला:

बजेट ताणलं की कुणीतरी सेकंडहँड आरएक्स ५८० सुचवेल. त्यांतली बरीच मायनिंगमध्ये, म्हणजे क्रिप्टो-नाणी कमावायच्या रात्रंदिवस आकडेमोडीत, राबलेली असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचं कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि बाजारात त्यांचा पूर आला. ५८० च्या नावाखाली ‘२०४८एसपी’ हे कमी ताकदीचं मॉडेलही विकतात. नकोच.

लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या कम्प्युटर-बाजारात, जाऊन या. कोपरखैरण्याहून ठाणे, तिथून दादर, मग ग्रँट रोड. रविवार टाळा. भाव सांगितला की पहिला प्रश्न: जीएसटी धरून की वगळून? १८ टक्के आहे, ७० हजारांवर १२,६०० होतात. बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर घ्या, वॉरंटीला तोच विचारतात.

आणि ५६०० मध्ये ग्राफिक नाही, म्हणून मॉनिटरची केबल कार्डाला लावायची, बोर्डाला नाही. पहिल्या दिवशी ‘डिस्प्ले येत नाही’ असे निम्मे फोन याचेच असतात.

कोपरखैरणेकरीण:

सगळ्यांचे आभार. कोटेशन पुन्हा उघडलं, तर तळाला बारीक अक्षरांत ‘टॅक्स एक्स्ट्रा’. म्हणजे १ टीबी आणि १६५ हर्ट्झ तसंही बसत नव्हतं. शनिवारी भावाला घेऊन ग्रँट रोडला जाते. ५६००, ६६००, ८ च्या दोन पट्ट्या, ५०० जीबी, १०० हर्ट्झ. एकच शेवटचं: बोर्ड वायफायवाला घेऊ का? हजार-दीड हजार जास्त सांगतायत.

खोपटकर:

राउटर कुठल्या खोलीत आहे?

कोपरखैरणेकरीण:

खोली एकच आहे हो. टीव्हीच्या वर.

खोपटकर:

मग लॅनची केबल टाका. व्हॅलोरंटला तीच बरी. वाचलेले पैसे पॉवर सप्लायमध्ये घाला.