स्लॅश गेला आणि बँड बसला? अनुभव लिहा

माहीमची_खाडी

परवा संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये दादरला चढलेल्या एका पोराने मोबाईल मोठ्याने लावला. एरवी असल्या पोराला आमचा डबा बोरिवलीपर्यंत सोलून काढतो. पण लागला होता गन्स अँड रोझेसच्या ‘नोव्हेंबर रेन’मधला, व्हिडिओतला तो चर्चबाहेरचा स्लॅशचा गिटार सोलो. खिडकीतल्या टायवाल्या काकांनी डोळे मिटले आणि डाव्या हाताची बोटं बॅगेच्या पट्ट्यावर नाचवायला सुरुवात केली. पोरापेक्षा काकाच जास्त रंगले.

मग सगळं आठवत गेलं. १९९६ च्या ऑक्टोबरअखेर बँडचा गायक ॲक्सलने एमटीव्हीला फॅक्स पाठवून जाहीर केलं की स्लॅश आता बँडमध्ये नाही. आणि आपल्याकडे काय, १ नोव्हेंबरला अंधेरीत मायकेल जॅक्सन! अख्खी मुंबई त्याच नादात. ज्याच्या अल्बमवर स्लॅशने गिटार वाजवली तो माणूस इथे शहरात, आणि तिकडे स्लॅशचा बँड सुटला, हे आम्हाला कितीतरी उशिरा कळलं.

माझं मत सरळ आहे. बँड त्या दिवशी संपला. पुढे बारा वर्षांनी, २००८ ला, ‘चायनीज डेमॉक्रसी’ आला तो एका माणसाचा अल्बम. वाईट नाही, पण गन्स नाही. २०२५ च्या मे मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर परत आलेल्या स्लॅशला त्यांच्यासोबत ऐकलं तेव्हा तर खात्रीच पटली.

एखादा वादक गेला आणि बँड बसला, असं तुम्ही पाहिलंय? गन्सच पाहिजे असं नाही. लिहा.

खिडकीपाशी

रुमाल टाकून ठेवते. कुकर लावलाय.

झणझणीत

स्लॅश स्लॅश काय लावलंय सगळ्यांनी. बँड ९१ लाच गेला, ऱ्हिदम गिटारवाला इझी स्ट्रॅडलिन गेला तेव्हा. त्यांचा पहिला अल्बम ‘ॲपेटाइट’ घ्या, त्यातली बहुतेक गाणी रचण्यात इझीचा हात आहे. हेडफोनचा एकच कान लावून तो अल्बम ऐका, मग दुसरा लावून. दोन वेगळी माणसं ऐकू येतात. एकाच जागी दोघं कधी गर्दी करत नाहीत. इझी कमी वाजवतो म्हणून स्लॅश मोठा दिसतो. टोपीवाल्या स्लॅशचे फोटो छापून येतात, ऱ्हिदमवाल्याचे येत नाहीत, बाकी काही नाही.

इझीने दारू सोडली आणि दौऱ्यात बाकीच्यांपासून वेगळ्या बसने फिरायला लागला. तिथेच ओळखायला हवं होतं.

माहीमची_खाडी

@झणझणीत, इझीचं मान्य. पण त्याच्या जागी गिल्बी क्लार्क आला आणि स्टेडियमं भरतच होती ना? स्लॅश गेल्यावर काय भरलं?

झणझणीत

स्टेडियम भरणं आणि गाणी सुचणं यात फरक आहे दादा. इझी गेल्यानंतर त्यांनी नवीन काय काढलं? ९३ ला दुसऱ्यांच्या गाण्यांचा अल्बम. झालं. (आणि गिल्बीने बाईकवरून पडून हात मोडला तेव्हा ९३ ला काही शोसाठी इझीलाच बोलवावं लागलं. हे घ्या.)

मऊभात

तुमच्या चर्चेत मधेच घुसते, सॉरी. मुलगा आठवीत आहे, डोंबिवलीत गिटारच्या क्लासला घातलंय. ऑनलाइन स्वस्तातली मागवली तर बोटं सोलून निघाली त्याची. सर म्हणतात सराव कर. हे असंच असतं का?

बापूंचा_वॉकमन

अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स, एप्रिल ९५, डीप पर्पल. सांगतो.

त्यांचा गिटारिस्ट रिची ब्लॅकमोर ९३ च्या नोव्हेंबरात दौरा चालू असताना मधेच निघून गेलेला. जपानचे शो जो सॅट्रियानी या गिटारिस्टने निभावले. मग हा कोण तो स्टीव्ह मोर्स. आमच्या ग्रूपमध्ये कोणी ऐकलेला नव्हता, एकाने कुठूनतरी बातमी आणली की हा मधे काही काळ विमानं चालवायचा. झालं, ‘पायलट आला पायलट’. आम्ही तिकीट काढलं ते गायक गिलनसाठी आणि बँडच्या नावासाठी. एप्रिलचा उकाडा, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि माझ्या शेजारचा एक जण पहिली दोन गाणी नुसता ‘रिचीऽऽ’ म्हणून ओरडत होता. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला गप्प झाला. मोर्स हसत वाजवतो हो! ब्लॅकमोरला हसताना कोणी बघितलंय? सोलोच्या मधे कीबोर्डवरच्या लॉर्डकडे बघायचा, लॉर्ड उत्तर द्यायचा, हा परत हसायचा. शो संपल्यावर तोच रिचीवाला आम्हाला विचारत होता, याची कॅसेट कुठे मिळेल.

त्या रात्रीचं रेकॉर्डिंग नंतर ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाने निघालं. मोर्स २०२२ पर्यंत टिकला, म्हणजे ब्लॅकमोरच्या दोन्ही खेपा मिळून होतात त्याहून जास्त. तेव्हा गिटारिस्ट गेला की बँड बसतोच असं काही नाही. मात्र तिथे गिलन, लॉर्ड, ग्लोव्हर, पेस चौघे जागेवर होते. गन्समध्ये ९७ ला बेसवाला डफही गेल्यावर ॲक्सल आणि कीबोर्डवाला डिझी रीड. मग उरलं काय, पाटी.

कोलबाड

वा बापू! त्या शोला मीपण होतो!! कदाचित तुमच्या शेजारचा मीच असेन :D

बापूंचा_वॉकमन

@कोलबाड, तसं असेल तर माझी पाण्याची बाटली परत करा.

सुमडीत

डिसेंबर २०१२, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), गन्सचा शो. स्लॅश नाही हे माहीत असून गेले. ऑफिसात सगळे म्हणाले, पैसे वाया. स्टेजवर तीन-तीन गिटारिस्ट! बंबलफूट दोन मानेची गिटार घेऊन, फोर्टस, आणि ॲशबा डोक्यावर हॅट घालून. माझ्या पुढे एक पोरगा दोन पोरींना समजावत होता, ‘तो बघ स्लॅश’. ॲशबा होता तो. मी काही बोलले नाही, पोरगा फार खुशीत होता.

वाजवलं चुकीचं काहीच नाही त्यांनी. सूर न् सूर जागच्या जागी. पण ओळखीच्या सोलोला लोकांनी मोबाईल वर केले आणि सोलो संपल्यावर खाली केले, बस. मे २०२५ ला महालक्ष्मीला त्याच सोलोला माझ्या बाजूचा साठीचा माणूस रडत होता. आता हे स्लॅशमुळे की साठीमुळे, काय माहीत. मीही तेरा वर्षांनी म्हातारी झालेय.

परत येताना महालक्ष्मी स्टेशनच्या जिन्यावर जी चेंगराचेंगरी... असो, तो वेगळा धागा होईल.

चिंचपोकळी_डाऊन

गन्स-बिन्स मला फार कळत नाही, पण वादक गेला की काय होतं ते सांगतो. आमच्या चाळीतल्या पोरांची बेंजो पार्टी होती. बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ताशे, दोन ढोल. बेंजोला जुन्या टाइपरायटरसारखी बटणं असतात, आमच्या मास्तरांची डाव्या हाताची करंगळी वाकडी होती आणि तीच करंगळी बटणावरून घसरवून ते सूर असा ओढायचे की पोरं अंगात आल्यासारखी नाचायची. त्यांच्या नावावर सुपाऱ्या यायच्या. पार्टीचं नाव कोणी विचारायचंच नाही, ‘करंगळी आहे ना?’ एवढंच.

गणपतीच्या तोंडावर शेजारच्या पार्टीने जास्त पैसे दिले, मास्तर गेले. आम्ही त्यांचं काम कीबोर्डवाल्याला दिलं. शिकलेला पोरगा, एक सूर चुकत नव्हता. पण लोक टाळ्या वाजवायचे, नाचायचे नाहीत. विसर्जनाला लालबागच्या भारतमाता सिनेमापाशी दोन्ही पार्ट्या समोरासमोर अडकल्या. तिकडून मास्तरांनी सुरुवात केली आणि आमच्याच मंडळाची पोरं गुलाल उधळत त्यांच्या पुढ्यात जाऊन नाचली. आमचा ढोलवाला पण! गळ्यात ढोल घेऊन!

पुढच्या वर्षी आम्ही डीजे लावला.

खिडकीपाशी

हसून हसून पुरेवाट!! ढोलवाला पण :D :D

कुकर झाला. मला लिहायचं होतं ते रंगभवनबद्दल. धोबीतलावच्या त्या खुल्या थिएटरात पावसाळ्यात आय-रॉक (इंडिपेंडन्स रॉक) हा रॉक महोत्सव असायचा, चपला चिखलात रुतायच्या. आमच्या सिनियर्सना रॉक मशीन हा बँड म्हणजे त्याचा गिटारिस्ट महेश तिनईकर. आडनाव ऐकून माझ्या आईला वाटायचं मी भावगीतांना जाते. आजूबाजूला हॉस्पिटल-कॉलेज म्हणून शांतता क्षेत्र झालं आणि रंगभवन बंद. बँडचं सोडा हो, इथे जागाच गेली.

झणझणीत

@चिंचपोकळी_डाऊन, याला म्हणतात अनुभव. पण तुमचा मास्तर पैशासाठी गेला. स्लॅशचं तसं नव्हतं. ९४ ला रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्याचं रेकॉर्डिंग केलं, त्यात ॲक्सलने परस्पर आपल्या मित्राची गिटार स्लॅशच्या गिटारला जोडून मिसळली. तुमच्या करंगळीवर दुसऱ्या कोणी बोट ठेवलं तर?

चिंचपोकळी_डाऊन

मास्तरांनी बेंजोच डोक्यात घातला असता.

ढ_गोळा

बकेटहेड विसरलात काय! २००० पासून २००४ पर्यंत स्लॅशच्या जागी चेहऱ्यावर पांढरा मुखवटा आणि डोक्यावर चिकनची बादली घातलेला माणूस. वाजवायचा अफाट, हे मात्र खरं.

आणि ते डॉक्टर पेपर शीतपेयवाले आठवतात का? ‘चायनीज डेमॉक्रसी’ २००८ मध्ये आला तर अमेरिकेत प्रत्येकाला एक कॅन फुकट, फक्त स्लॅश आणि बकेटहेडला सोडून. मला वाटतं बँडच्या इतिहासातला सर्वात विनोदी क्षण तोच.

सुमडीत

@मऊभात, तुमचं कोणी ऐकतच नाहीये. सराव करायचाच, पण आधी गिटार बघा. स्वस्त गिटारला तारा फळीपासून फार उंच असतात, दाबायला दुप्पट जोर लागतो. याला ॲक्शन म्हणतात. धोबीतलावला वाद्यांच्या दुकानात नेऊन ॲक्शन खाली करून घ्या, जमलं तर बारीक गेजच्या (कमी जाडीच्या) तारा घाला. गिटारच वाकलेली असेल तर मात्र बदला. बोटं थोडी दुखतात सगळ्यांचीच, सोलून निघत नाहीत.

मऊभात

खूप खूप धन्यवाद ताई! त्याने आत्ताच मला विचारलं, नायलॉनच्या तारा घालू का?

सुमडीत

नको नको, स्टीलच्या गिटारला नायलॉन घालू नका, आवाजच येणार नाही नीट. त्याला शिकायचंय काय?

मऊभात

तोच. चर्चबाहेरचा.

माहीमची_खाडी

मऊभात ताई, त्याला म्हणावं आधी इझीचं शिक. (झणझणीत, एवढ्यावर गप्प बसा.)

झणझणीत

बसलो. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

पाणीकम

धागा पूर्ण वाचला नाही, लोकलमध्ये आहे. इझी कोण?