पानगळीतली नदी-क्रूझ : बॅगेत काय भरले, काय खरेच वापरले?

डॅन्यूब, ऱ्हाइन, माइन, मोझेल, रोन, दोरू... युरोपातल्या या नद्यांवर सप्टेंबर ते नोव्हेंबरात क्रूझने जाऊन आलेल्यांसाठी हा धागा. टूरवाल्यांच्या यादीत ‘हलके गरम कपडे’ एवढेच लिहिलेले असते. त्यातून नागपूरच्या किंवा पणजीच्या माणसाला काय बोध होणार? म्हणून कोणती नदी, कोणता महिना आणि कोणत्या वेळी अंगात काय होते, असे तपशिलात लिहा.

माझे मत आधी मांडते. तापमानाचा आकडा बघून बॅग भरू नये, दिवसाचे तास बघून भरावी. ऑक्टोबरात व्हिएन्नाला दुपारी साधारण १५ अंश आणि पहाटे ७-८ अंश असतात. पुण्यात डिसेंबरची पहाट याहून फार वेगळी नसते, त्यामुळे ‘एवढी थंडी तर आपल्याकडेही असते’ असे वाटते. पण पुण्याची थंडी उन्हाबरोबर पळते. डॅन्यूबवर सकाळी दहा-अकरापर्यंत धुके हटत नाही, आणि त्या वेळी आपण भरभर चालत नसतो. गाइड बोलत असतो तेव्हा दगडी चौकात उभे असतो, नाहीतर डेकवर कठड्याला टेकून असतो. ज्याने बॅग चालण्याच्या हिशेबाने भरली तो कुडकुडतो. उभे राहण्याच्या हिशेबाने भरावी.

आता तुम्ही लिहा.

ठाणेकर (डॅन्यूब, पासाउ ते बुडापेस्ट, ऑक्टोबरचा मध्य)

उभे राहण्याचा मुद्दा अगदी पटला. आम्ही दोघे आणि माझे सासू-सासरे असे गेलो होतो. प्रत्येकाचा हिशेब सारखाच ठेवला : आत पातळ थर्मल, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट किंवा कुर्ता, त्यावर फ्लीस (मऊ, हलका, उबदार कापडाचा स्वेटर) आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे टोपीचे जर्किन. जाड ओव्हरकोट कोणीच नेला नाही. जर्किन मात्र एक माप मोठे घ्या, खाली फ्लीस घालून चेन लागली पाहिजे.

पासाउच्या कॅथेड्रलमध्ये दुपारी ऑर्गनवादन असते. त्या ऑर्गनला १७,९७४ नळ्या आहेत, आणि तो घुमायला लागला की छातीत जाणवतो. पण बाहेर ऊन असूनही आत दगडाचा गारवा होता. अर्धा तास बाकावर बसून राहायचे म्हणजे फ्लीस बसमध्ये ठेवून चालत नाही. मेल्कच्या मठातून निघालो तेव्हा लख्ख ऊन पडले. मेल्क ते क्रेम्स हा डॅन्यूबच्या वाखाउ खोऱ्याचा सुमारे ३६ किलोमीटरचा पट्टा. दोन्ही तीरांवर पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे पिवळे झालेले. तेव्हा डेकवर सासरे शर्टावर बसले होते आणि गॉगल लागत होता.

पूर्ण सहलीतली सर्वांत थंड वेळ कोणती म्हणाल, तर बुडापेस्टला रात्री बोट पार्लमेंटसमोरून जाते ती. सगळे वरच्या डेकवर जमतात, कारण दिव्यांनी उजळलेली ती इमारत खिडकीतून बघण्यात काही अर्थ नाही. नदीवरचा वारा, त्यात बोटीचा वेग. सासऱ्यांनी घरची लोकरीची माकडटोपी घातली होती आणि त्यांना बघून शेजारच्या आजोबांनी ‘ही कुठे मिळते’ म्हणून विचारले. कानटोपी, हातमोजे आणि गळ्याभोवती मफलर या तीन वस्तूंचे वजन पाव किलोही होत नाही. त्या घेतल्याशिवाय निघू नका.

सदाशिव पेठेतून

मी अडुसष्ट वर्षांची. आयुष्यभर साडी नेसले, तिथेही नेसले. ‘तिकडे साडी नको गं’ असे सांगणाऱ्या खूप भेटतात, म्हणून मुद्दाम लिहितेय.

परकराच्या आत थर्मल लेगिंग घालायची, पायात लोकरीचे मोजे आणि तळ खडबडीत असलेले बूट. चपला-सँडल नकोत. गावांतले रस्ते गोट्यांच्या फरसबंदीचे असतात आणि ओल्या पानांवर पाय सटकतो. साडी एरवीपेक्षा दोन बोटे वर नेसायची. सुती साडीचा काठ ओला झाला की संध्याकाळपर्यंत ओलाच राहतो, म्हणून फिरायला सिंथेटिक किंवा जॉर्जेट. रेशमी साडी फक्त रात्रीच्या जेवणाला. जेवणघर उबदार असते, तिथे स्वेटरचीही गरज पडत नाही.

ब्लाउज मात्र पूर्ण बाह्यांचे शिवून घेतले होते, जरा सैल, आत थर्मल बसेल असे. आणि शाल! जर्किनवरून, मांडीवर, बसमध्ये डोक्यामागे, डेकच्या खुर्चीवर, कुठेही. एकच न्यायची असेल तर मोठी, खरी लोकरीची न्या.

ज्या दिवशी चढ होता त्या दिवशी मात्र सलवार-कमीज घातली. डॅन्यूबकाठच्या ड्यूर्नश्टाइनला वरच्या पडक्या किल्ल्यापर्यंत मुलीबरोबर गेले. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ मध्ये याच किल्ल्यात कैद झाला होता. वाट खड्या दगडी पायऱ्यांची आहे, तिथे निऱ्या सांभाळत बसू नये. बोटीतून धक्क्यावर जायची फळीही सकाळी दवाने ओली असते. एक हात कठड्याला मोकळा हवाच, म्हणून हातात पिशवी नको, पाठीला सॅक.

म्युनिकवासी

दरवर्षी ओळखीतले कोणी ना कोणी इकडे येते, तेव्हा बॅगेवरून फोन ठरलेला असतो. बहुतेकांना ज्या गोष्टी आधी सांगाव्या लागतात त्या लिहितो.

जीन्सवर भरवसा ठेवू नका. एकदा भिजली की केबिनमध्ये वाळत नाही. केबिन बहुतेक १५-१६ चौरस मीटरची असते, बॅग पलंगाखाली सरकवायची. कपडे वाळत घालायला बाथरूममधली दोरी तेवढी मिळते, आणि आगीच्या भीतीने केबिनमध्ये इस्त्री चालत नाही. म्हणून पटकन वाळणारी, चुरगळली तरी न दिसणारी पँट घ्या. बोटीवर पैसे देऊन कपडे धुऊन मिळतात का, हे बुकिंग करतानाच विचारा. त्यावर निम्मी बॅग ठरते.

‘तिकडेच घेऊ स्वेटर’ असा बेत असेल तर वार बघा. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी कपड्यांची दुकाने बंद असतात. बोट रविवारी गावात लागली तर चर्च बघाल, कॅफेत बसाल, पण स्वेटर मिळणार नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जाते. त्यानंतर व्हिएन्नात पावणेपाचच्या आतच सूर्य मावळतो. दुपारच्या फेरीला निघालेली माणसे अंधारात परततात. एक छोटी टॉर्च आणि परत येतानाचा एक जास्तीचा थर पाठीवरच्या सॅकमध्ये हवा. आईबाबांना मी नेहमी सांगतो, सकाळी ऊन बघून स्वेटर केबिनमध्ये ठेवू नका.

न्यूर्नबर्गवरून जाणारी क्रूझ असेल तर माइन-डॅन्यूब कालवा लागतो. हा १९९२ मध्ये पूर्ण झाला. त्याचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून ४०६ मीटरवर आहे, बोट एकामागून एक लॉकमधून (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करणारे दारांचे बंद कप्पे) पायऱ्या चढल्यासारखी वर जाते. तिथे पूल इतके ठेंगणे आहेत की वरचा डेक बंद ठेवतात. मग लॉक बघायला बोटीच्या पुढच्या टोकावरच्या छोट्या जागेत उभे राहावे लागते. लॉकच्या भिंती ओल्या, काळ्या आणि हात लावावा इतक्या जवळ असतात, तिथे फिक्या रंगाचे जर्किन घालू नका. लॉक रात्रीही येतात. मला ते बघायला इतके आवडते की पायजम्यावर जर्किन चढवून मी बाहेर जातो. त्यासाठी बुटांऐवजी बंद, रबरी तळाचे स्लीपर पलंगाशेजारी ठेवा.

कॅमेरावाला, नाशिक (ऱ्हाइन, ऑक्टोबर)

रुडेसहाइम ते कोब्लेन्झ हा ऱ्हाइनच्या दरीचा पट्टा, सुमारे ६५ किलोमीटर, डेकवरूनच बघायचा असतो. किल्ला गेला की दुसरा किल्ला, मध्ये १३२ मीटर उंच लोरेलाय कडा. खाली कॉफी घ्यायला जावेसे वाटत नाही. तासन् तास वाऱ्यात उभे राहण्याची तयारी याच दिवसासाठी करायची.

बोटे उघडी ठेवता येतील असे हातमोजे घ्या, वरून झाकण पलटता येते ते. थंडीत गार झालेला कॅमेरा एकदम बोटीच्या उबदार सलूनमध्ये (बैठकीच्या दालनात) आणला की काचेवर बाष्प धरते. मी तो बाहेरच बंद प्लॅस्टिक पिशवीत ठेवून आत न्यायचो आणि थोडा वेळ तसाच राहू द्यायचो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. डेकच्या खुर्च्या सकाळी ओल्या असतात, बसायला प्लॅस्टिकचा तुकडा किंवा जुनी जलरोधक पिशवी फार कामाची. बोटीवर घोंगड्या बहुधा मिळतात, पण किल्ले सुरू व्हायच्या आधी जाऊन घ्या.

कोल्हापूरचा

छत्री की रेनकोट? माझे मत : ॲम्स्टरडॅमला छत्री उलटते, वाऱ्यात ती सांभाळायची की चालायचे? रेनकोटच.

ठाणेकर

वाऱ्यात खरे आहे. पण डॅन्यूबवर पाऊस भुरभुर होता, वारा पडलेला. चष्मेवाल्यांना छत्रीच बरी, रेनकोटच्या टोपीतून काचांवर थेंब येतात. बऱ्याच बोटींवर दाराशी मोठ्या छत्र्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे घरून वजन न्यायची गरज नाही.

फोंड्याहून (दोरू, सप्टेंबरअखेर)

वरचे सगळे वाचून दोरूला जाणाऱ्यांनी घाबरू नये, म्हणून लिहिते. पोर्तुगालची ही नदी वेगळीच. पोर्तोतून निघून आत रेग्वा, पिन्याँवकडे गेले की दरीत ऊन तापते. आम्हाला दुपारी रुंद कडेची टोपी, सुती कपडे, सनस्क्रीन आणि पोहण्याचा पोशाख लागला. डेकवर छोटा तलाव होता आणि तो रोज भरलेला असायचा. स्वेटर फक्त पहाटे, कारापातेलूच्या लॉकमध्ये. बोट तिथे एका झटक्यात सुमारे ३५ मीटर चढते-उतरते, खाली खोल खड्ड्यात ऊन पोचत नाही.

पोर्तोचे मात्र वेगळे. अटलांटिकच्या काठावरचे शहर, ऑक्टोबर लागला की पाऊस जोर धरतो. तिथले उतार गोव्यातल्या जुन्या पायवाटांइतके तीव्र आणि शेवाळलेले वाटले. एकाच बॅगेत दोन ऋतू भरावे लागतात.

डोंबिवली

औषधांचे लिहा कोणीतरी. मी सुरुवात करते. रोजच्या गोळ्या सहल संपेल त्यापेक्षा आठवडाभर जास्त, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत, आणि सगळे हातातल्या बॅगेत. तिकडे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. केबिनचा हीटर रात्रभर चालला की घसा कोरडा पडतो, ओठ फुटतात. व्हॅसलीन, खडीसाखर, सुंठेची पूड नेली होती. गरम पाणी बोटीवर कधीही मिळते.

दिवाळी त्या दिवसांत आली तर फराळ नेणार असाल तेव्हा लक्षात ठेवा : युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप घरीच. आम्ही चिवडा, चकली, शंकरपाळे नेले, तेही तेलातले.

बोरिवलीचे काका (ऱ्हाइन, २०१८ ची पानगळ)

नदी आटली किंवा चढली तर काय, हे बॅग भरतानाच धरून चाला. २०१८ च्या उन्हाळ्यात मध्य युरोपात पाऊस फारच कमी झाला होता. २२ ऑक्टोबरला ऱ्हाइनकाठच्या काउब गावातल्या पाण्याच्या मापपट्टीवर पाणी २५ सेंटीमीटरपर्यंत उतरले. हा मापपट्टीवरचा आकडा, नदीची खोली त्याहून जास्त असते, पण बोटींना तेवढेही पुरत नाही. आम्हाला मध्येच बसने दुसऱ्या पट्ट्यातल्या बोटीवर नेले. उलट २०२४ च्या सप्टेंबरात डॅन्यूबला इतका पूर आला की ऑस्ट्रियात जलवाहतूकच थांबवली होती.

म्हणून सामान असे भरा की तासाभरात आवरता येईल. दोन छोट्या बॅगा एका अजस्र बॅगेपेक्षा बऱ्या. पाठीवरच्या सॅकमध्ये औषधे, एक कपड्यांचा जोड, मोजे, चार्जर आणि कागदपत्रे कायम तयार. आमच्या गटात ज्यांनी असे केले होते ते बसमध्ये निवांत झोपले.

पिंपरीकर (रोन, नोव्हेंबरचा पहिला आठवडा)

रोनवर लिऑनहून दक्षिणेला गेलात तर मिस्त्राल वाऱ्याचे नाव ऐकालच. दरीतून उत्तरेकडून येतो, आकाश निळेशार स्वच्छ असते, ऊन असते, आणि वाऱ्यात चालताना वाकून चालावे लागते. अ‍ॅव्हिन्यॉनला पोपच्या राजवाड्यासमोरच्या चौकात माझी साधी टोपी उडाली असती, पण हनुवटीखाली बांधायचा बंद होता. कानावरून जाणारी घट्ट टोपी घ्या. गाइडचा आवाज ऐकायला कानात यंत्र असते, त्याची वायर टोपीच्या आतून घ्या म्हणजे दर वेळी टोपी काढावी लागत नाही. डोळ्यांत धूळ जाते, साधा चष्मा नसेल तर गॉगल हवा. ओढणी-दुपट्टा मोकळा सोडू नका, जर्किनच्या आत खोचून चेन वरपर्यंत ओढा.