मदत हवी आहे: ‘मॅनिक मायनर’च्या रीमेकमध्ये विलीची उडी जुळत नाही

नमस्कार मंडळी,

झेडएक्स स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकावरच्या ‘मॅनिक मायनर’चा रीमेक गोडो या गेम इंजिनमध्ये करतोय. विसाच्या वीस गुहा मांडून झाल्यात. किल्ल्या, सरकते पट्टे, पायाखाली झिजत जाणारी जमीन, संपत जाणारी हवा, सगळं चालतंय. घोडं अडलंय ते उडीवर, आणि या गेममध्ये उडी बिघडली की बाकी काही असून उपयोग नाही.

ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी: इंग्लंडमधल्या मॅथ्यू स्मिथने १९८३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, एकट्याने हा गेम लिहिला. आधी बग-बाइट कंपनीने विकला, मग सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्सने. गेमचा नायक विली एकदा उडाला की हवेत ना वळवता येतो, ना थांबवता. कुठल्या पावलावरून उडायचं हे आधीच ठरवावं लागतं. गेमची सगळी मजा त्यातच आहे.

मी इंजिनचं गुरुत्वाकर्षण वापरलंय. एम्युलेटरवर (जुना संगणक आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम) मोजून उंची २० पिक्सेल आणि लांबी ३६ पिक्सेल बरोबर बसवली. तरी वरच्या फळीवर उडी मारली की विली कधी टेकतो, कधी आरपार खाली येतो. जागा तीच, बटण तेच.

माझे मामा यातले जाणकार. त्यांच्याकडे पुण्याच्या डेसिबेल्सने काढलेला डीबी स्पेक्ट्रम, म्हणजे स्पेक्ट्रमचीच भारतातली आवृत्ती होती, टेपवरून गेम चढवायचे. त्यांनी पहिल्याच गुहेत कीबोर्ड बाजूला सारला. म्हणाले, “अरे, हा लोण्यावरून घसरल्यासारखा उडतो. आमचा विली टप्प्याटप्प्याने जायचा.” ते म्हणतात ते मला दिसतंय, पण कोडमध्ये कुठे हात घालायचा ते कळत नाहीये.

आणखी एक: स्पेक्ट्रमच्या पडद्यावर ८ बाय ८ पिक्सेलच्या एका चौकटीत दोनच रंग मावल्यामुळे मूळ गेममध्ये रंग एकमेकांत मिसळतात, ते तसंच ठेवावं का?

प्रतिसाद – झेडऐंशी

मामांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. गुरुत्वाकर्षण काढून टाका. मूळ कोडमध्ये भौतिकशास्त्र नाहीच, एक मोजणी आहे: ० ते १७. दर पावलाला, म्हणजे मोजणी एकाने वाढते तेव्हा, विली किती पिक्सेल वर-खाली जातो ते ठरलेलं असतं: वर ४, ४, ३, ३, २, २, १, १, मग ०, ०, मग खाली १, १, २, २, ३, ३, ४, ४. आडवा दर पावलाला २ पिक्सेल. तुमचे २० आणि ३६ इथूनच येतात.

आता आरपार जाण्याबद्दल. तुमचं इंजिन पायाखाली जमीन आहे का हे सतत बघतंय. मूळ गेम उडी चालू असताना फक्त दोनदा बघतो: मोजणी १३ वर आली की आणि १६ वर आली की. कारण कागदावर बेरीज करून बघा: १३ पावलांनंतर विली सुरुवातीपेक्षा बरोबर १६ पिक्सेल वर असतो, १६ नंतर बरोबर ८. म्हणजे नेमका चौकटीच्या रेषेवर. १८ ला उडी संपते आणि खाली जमीन नसेल तर पडणं सुरू होतं: दर पावलाला ४ पिक्सेल, सरळ खाली. डोकं विटेला आपटलं तरी तसंच सरळ पडायचं, आडवी चाल तिथेच संपली. साध्या फळ्यांमधून मात्र खालून वर बिनधास्त जाता येतं.

गेमचा वेग सेकंदाला पन्नास पावलांपेक्षा बराच कमी होता. एम्युलेटर शेजारी चालवून टायमर जुळवा आणि दोन पावलांच्या मधली हालचाल गुळगुळीत करू नका. मामांना खटकतंय ते तेच.

प्रतिसाद – रंगचौकट

रंगांचं मिसळणं ठेवाच. नवीन पोरांसाठी हवं तर बंद करायची सोय द्या, पण सुरुवातीला चालूच असू दे. गुहेसाठी आडव्या ३२ आणि उभ्या १६, अशा ५१२ चौकटींचा साधा तक्ता ठेवा, टक्कर ओळखायला इंजिनचे आकार नकोत. काटेरी झुडपं, कोळी असल्या हलत नसलेल्या गोष्टी मूळ गेम चौकटीच्या रंगावरूनच ओळखतो, म्हणून विली त्यांच्या चौकटीला नुसता शिवला तरी मरतो. हलणाऱ्या राखणदारांचं वेगळं आहे: त्यांचं चित्र काढताना विलीचा एखादा पिक्सेल खाली आला तरच जीव जातो. तिथे चौकोनी हद्द लावलीत तर विली राखणदाराच्या पायाजवळच्या रिकाम्या जागेतही मरेल, आणि काही गुहा मुळापेक्षा कितीतरी अवघड होतील.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तक्ता घातला, १३ आणि १६ ची तपासणी घातली, आता दरवेळी एकाच जागी टेकतो. राखणदारांची टक्कर आज रात्री बदलतो. एक राहिलंच: हा फुकट खेळायला टाकला तर अडचण येईल का?

प्रतिसाद – झेडऐंशी

संगीताची काळजी नको. सुरुवातीचं ‘ब्लू डॅन्यूब’ स्ट्राउसचं, खेळतानाचं ग्रीगचं, दोघांना जाऊन शंभरहून अधिक वर्षं झाली. फक्त सुरावट स्वतः बसवा, कुणाचं रेकॉर्डिंग उचलू नका. गुहा आणि चित्रं मात्र अजून हक्कात आहेत, फुकट दिलं म्हणून हक्क सुटत नाहीत. आधी परवानगी मागा. तोवर हीच उडी वापरून स्वतःच्या चार-पाच गुहा रचा आणि त्या इथे टाका, खेळून बघायला मी तयार आहे.