शब्दचर्चा : 'बर्फाळ' उतारावर जायचं की नाही?

प्रश्न

स्कीइंगच्या उतारांचा रोजचा हिम-अहवाल मराठीत आणायचं काम अंगावर घेतलंय आणि पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पडलो. दिवसा वितळलेलं हिम रात्रीत गोठून उतार काचेसारखा झाला होता. मी लिहिलं, 'वरचे उतार बर्फाळ'. वाचणाऱ्याचा लगेच खुशीत प्रश्न : "म्हणजे भरपूर पडलाय ना?" मला सांगायचं होतं 'जपून', त्याने वाचलं 'या'! तेव्हापासून 'बर्फाळ' लिहायला हात धजत नाही. 'हिम' आणि 'बर्फ' अशी सरळ वाटणी करावी का? 'पावडर'ला, म्हणजे ताज्या, कोरड्या, हलक्या हिमाला, भुकटी म्हणावं का? आणि बेस (साचलेला एकूण थर), ग्रूम्ड (यंत्राने सारखा केलेला उतार), क्रस्ट (वरचा कडक थर), कॉर्न (वसंतातलं जाड कणांचं हिम), स्लश (पाणी सुटलेलं हिम) या मंडळींचं काय करायचं?

प्रतिसाद

वाटणी कागदावर सोपी, तोंडात अवघड. 'बर्फ' आला फारसीतून, आणि तिकडे त्याचा अर्थ आभाळातून पडणारं हिम असाच आहे. गोठलेल्या पाण्याला ते 'यख' म्हणतात. मराठीत तो दोन्हीकडे राबतो, त्यातही लादीकडे जास्त. 'हिम'ची गंमत उलटी. आपल्या तोंडात रुळता रुळता त्याचं 'हिव' झालं आणि हिव म्हणजे नुसती थंडी. हिवाळा, हिवताप, हिव भरणं, यात कुठेही पांढरं काही पडत नाही. शब्द टिकला, वस्तू गळाली. त्यामुळे 'हिम' हा आज पुस्तकातून परत आणलेला शब्द आहे. तरी अहवालापुरती वाटणी कराच : पडलेलं ते हिम, गोठून दगड झालेला तो बर्फ. 'बर्फाळ'ला मात्र रजा द्या, तो दोन्ही घरचा पाहुणा आहे.

प्रतिसाद

संस्कृतात शब्दांची एवढी रेलचेल असताना रोजच्या बोलीत, मातीत कशाला शोधायचं? तुषार, तुहिन, नीहार, प्रालेय… एकेका प्रकाराला एकेक वाटून द्या.

प्रतिसाद

मातीतच शोधायचं, आणि का ते सांगतो. अमरकोशाने अवश्याय, नीहार, तुषार, तुहिन, हिम, प्रालेय, मिहिका हे सगळे एका दमात, एकमेकांचे पर्याय म्हणून दिलेत. दव, धुकं, हिम, सगळं एकाच पोत्यात. वेगळा काढलाय तो फक्त 'हिमानी', म्हणजे हिमाचा मोठा साठा. आता तुम्ही 'तुहिन'ला पावडर ठरवलंत तरी वाचणाऱ्याला ते कळणार कसं? पाठ करून?

आपल्याकडे पावसाचे शब्द ढीगभर आहेत : रिमझिम, भुरभुर, सर, झड, मुसळधार. पण ते सगळे *पडण्याचे* शब्द. पाऊस पडून गेला की वाहून जातो, त्याला पुढे नाव लागत नाही. स्की करणाऱ्याला पडण्यापेक्षा पडून राहिलेल्याची जास्त काळजी असते. ते पायाखाली कसं आहे, दबेल का, घसरेल का, वरचा थर तुटेल का? हे सगळे प्रश्न मराठीने विचारलेत ते जमिनीला. भुसभुशीत, टणक, निबर, ढेकळं, पापुद्रा, राड. शब्द तयार आहेत, फक्त पांढरे करून घ्यायचे.

प्रतिसाद

पटलं. मग पावडर म्हणजे 'भुसभुशीत' का?

प्रतिसाद

नाही, 'भुरभुरीत'. भुसभुशीत मातीत ओल असू शकते, मूठ वळते. पावडरची मूठ वळतच नाही. हातमोज्यात घेऊन दाबलं तरी बोटांतून सांडतं आणि फुंकलं तर उडतं. थंड, कोरड्या हवेत पडलेल्या अशा हिमाचं वजन घनमीटरला १०० किलोच्या आतबाहेर असतं, कधी त्याच्या निम्मं. निखळ बर्फ ९१७ किलो. बाकीची जागा हवेची. 'भुकटी' नको, ती कुटून केलेली असते.

क्रस्टला 'पापुद्रा'च. 'खपली'चा मोह होतो, पण खपली खालच्याला धरून असते. हा थर वर तरंगल्यासारखा असतो, एक पाय पेलतो आणि दुसरा टाकला की कचकन आत जातो. स्लशला 'राड'.

खरी मजा कॉर्नची आहे. वसंतात दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं असं पुन्हापुन्हा झालं की हिमाचे जाड, गोल कण बनतात. म्हणून 'रवाळ हिम'. सकाळी ते सिमेंटसारखं असतं, ऊन लागलं की वरचे दोनतीन सेंटिमीटर सुटतात आणि तेवढा वेळच स्वर्ग; मग राड. या मधल्या वेळेला आपल्याकडे शेतातला एक शब्द आहे : वाफसा. फार ओलं नाही, फार सुकं नाही, आता औत घाला! 'पूर्वेचे उतार दहाला वाफशावर' असं लिहून बघा.

प्रतिसाद

वाफसा वाचून उभा राहिलो! याच न्यायाने ग्रूम्डला 'कुळवलेला' म्हणू या. उतार सारखा करणाऱ्या यंत्रामागे फिरत्या दातांचा रूळ असतोच.

प्रतिसाद

इथे थोडं थांबा. कुळवल्याने जमीन मोकळी होते. ते यंत्र आधी हिम फोडतं हे खरं, पण मग दाबून सपाट करतं आणि शेवटी मागच्या रबरी फणीने बारीक रेघा ओढत जातं. काही तास राहिलं की कण एकमेकांना चिकटून पृष्ठभाग घट्ट होतो. 'विंचरलेला उतार' म्हणा. रेघाही दिसतात आणि चापूनचोपून बसवल्याचंही कळतं.

प्रश्नकर्ता

विंचरलेला पक्का. आता आकड्यांकडे. बेससाठी मी 'पाया' लिहीत होतो, तर लोक उताराचा पायथा समजले. आणि 'काल थर १०० सेंमी होता, रात्रीत ३० पडलं, मग आज १३० का नाही?' ही तक्रार रोजची.

प्रतिसाद

'पाया' सोडा, 'एकूण थर' लिहा. नवं पडलेलं ते 'ताजं हिम'. बेरीज जुळणार नाही, कारण ताजं हिम पडल्या क्षणापासून बसत जातं, आणि त्याच्या वजनाने खालचंही दबतं. 'बसलं' हाच शब्द ठेवा : '३० पडलं, बसून १८ राहिलं'. पाण्याच्या हिशेबात साधारण १० सेंमी हिमाचं १ सेंमी पाणी धरतात, पण भुरभुरीत हिमाला १५-२० सेंमी लागू शकतात. पावसाचा अंदाज देणारा आकडा थेट हिमाला लावू नका.

प्रतिसाद

अंदाजातला आणखी एक खड्डा : 'हिमरेषा'. भूगोलाच्या पुस्तकात ती बारमाही हिमाची खालची सीमा. अहवालात मात्र 'आज किती उंचीच्या वर हिम पडेल' हे सांगायचं असतं, आणि ती उंची रोज नव्हे, तासातासाला हलते. तिला 'हिमपाताची उंची' म्हणा. तापमान शून्याला पोचतं ती 'गोठणउंची', ही वेगळी. हिमकण वितळायला वेळ घेतात, त्यामुळे हिमपाताची उंची साधारण ३०० मीटर खालीच असते. दोन्हींना एकच शब्द वापरलात की पायथ्याला पाऊस की हिम याचं उत्तर चुकलंच.

प्रतिसाद

हिमस्खलनाचा धोकाही येत असेल ना? युरोपात १९९३ पासून पाच पायऱ्या आहेत. तिसरीचं भाषांतर 'बऱ्यापैकी' केलेलं मी पाहिलंय. म्हणजे पुन्हा तुमचं 'बर्फाळ'च! बऱ्यापैकी म्हटलं की मराठी माणसाला हायसं वाटतं. आकडाही फसवतो. पाचातली तिसरी म्हणजे मधली, असं वाटतं, पण पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. तिसरीवर एकट्या माणसाच्या वजनानेही थर सुटू शकतो, आणि कितीतरी जीव याच पायरीवर गेलेत. 'लक्षणीय' कोरडा आहे, पण निदान आमंत्रण देत नाही.

प्रश्नकर्ता

घ्या, एक नमुना. तुटून पडा :

'गेल्या २४ तासांत ताजं हिम ८ सेंमी. एकूण थर पायथ्याशी ६०, माथ्यावर १४० सेंमी. विंचरलेले उतार सकाळी टणक, वरच्या वळणांवर काच. उन्हाकडचे उतार साडेदहाच्या सुमारास वाफशावर, दुपारनंतर राड. सावलीत अजून भुरभुरीत, मधूनमधून पापुद्रा. उद्या गोठणउंची २,३०० मीटर. २,००० च्या खाली पाऊस. स्खलनाचा धोका : ३, लक्षणीय.'

प्रतिसाद

चांगलं जमलंय. फक्त 'वरच्या वळणांवर काच' वाचून मला फुटक्या बाटल्या दिसल्या. 'काचबर्फ' करा.

प्रश्नकर्ता

केलं.