अर्धवट सोडलेलं काम मागे रेंगाळतं

नोटिफिकेशन्स बंद केल्या, फोन सायलेंटवर टाकला, तरी लक्ष लागत नाही, ही तुमची तक्रार अगदी खरी आहे. माझ्या मते फोन हा निम्माच प्रश्न. उरलेला निम्मा म्हणजे आधीचं अपुरं राहिलेलं काम. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली नेमकं हेच मांडलं: आपण दुसऱ्या कामाकडे वळलो तरी लक्षाचा काही भाग पहिल्यापाशीच अडकून राहतो, आणि फटका नव्या कामाला बसतो. पुढे २०१८ मध्ये लरॉय आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी त्यावर एक साधा उपाय तपासला. उठण्यापूर्वी मिनिटभर थांबून कुठवर आलो आणि परतल्यावर काय करायचं, हे लिहून ठेवायचं. त्याचा फायदा दिसला.

मी हे रोज करतो. कीबोर्डशेजारी छोटी वही असते. कुणी हाक मारली की आधी लिहितो, ‘तिसरा तक्ता, बेरीज जुळत नाही, मागच्या महिन्याचा आकडा बघ.’ परतलो की थेट तिथूनच सुरुवात. पूर्वी आपण कुठे होतो हे आठवण्यातच बराच वेळ जायचा.

२५ मिनिटं काम आणि मग छोटी विश्रांती, असा टायमर लावणं कंटाळवाण्या कामांना उत्तम, पण लिखाण रंगात आलं असेल तर घंटा वाजली तरी उठू नका, असं मी आवर्जून सांगेन.

आणि फोन सायलेंटवर नको, दुसऱ्या खोलीतच ठेवा. हात आपोआप जातो, पाय तितक्या सहज जात नाहीत.